प्लेटलेट कमी, पण आकाराने मोठ्या: एमवायएच९ जनुकाचा अहवाल हाती आल्यावर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांना हाच अहवाल मिळाला असेल त्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही ३४ वर्षांच्या आहात. पहिल्या बाळंतपणात प्लेटलेट ४८ हजार आल्या, तेव्हा आयटीपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते त्या आजाराचं, निदान झालं. स्टिरॉइडचे तीन कोर्स झाले. चेहरा सुजला, वजन वाढलं, आकडा मात्र जागचा हलला नाही. आता तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचा काउंट ५२ हजार आला. बालरोगतज्ज्ञांना शंका आली आणि त्यांनी दोघांची जनुकीय तपासणी करून घेतली. अहवाल असा आहे: एमवायएच९ जनुक, प्रथिनाच्या १८४१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन, आई आणि मुलगा दोघांतही. तुम्ही मुख्यतः तीन गोष्टी विचारल्यात. हे जनुक काय करतं, हा रक्ताचा कर्करोग तर नाही ना, आणि तुम्हाला सुचवलेलं प्लीहा (स्प्लीन) काढायचं ऑपरेशन करावं का. शेवटी जाता जाता लिहिलंय की धाकटी बहीण सहा महिन्यांची गरोदर आहे. तिच्याकडे मी शेवटी येते, पण तिचं विसरू नका.

रात्री झोप लागत नाही असं लिहिलंत, म्हणून दोन उत्तरं आधीच देते. हा कर्करोग नाही आणि यातून रक्ताचा कर्करोग होतो असंही नाही. प्लीहा काढून तुमचा आजार बरा होणार नाही. ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर हा अहवाल रक्तविकारतज्ज्ञांना दाखवेपर्यंत ती पुढे ढकला.

मी गेली बावीस वर्षं रक्ताच्या काचा, म्हणजे काचपट्टीवर पसरलेले रक्ताचे नमुने, सूक्ष्मदर्शकाखाली वाचते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत आणि तुम्हाला तपासलेलंही नाही, त्यामुळे पुढचं काही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय समजू नका. बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: प्रत्यक्ष रक्तस्राव किती होतो, लघवीतून प्रथिन जातंय का, ऐकू कसं येतं. काही गोष्टी मात्र या अहवालावरूनच ठामपणे सांगता येतात.

सुरुवात काचेपासून करते, कारण या आजाराचं निदान बहुतेक वेळा तिथेच हुकतं.

प्लेटलेट मोजणारं नेहमीचं मशीन पेशींना आकारावरून ओळखतं. एका बारीक छिद्रातून पेशी जातात, प्रत्येक पेशीमुळे विजेच्या प्रवाहात अडथळा येतो आणि तो अडथळा केवढा आहे त्यावरून मशीन ठरवतं की ही प्लेटलेट आहे की लाल पेशी. साधारण प्लेटलेटचा व्यास दोन-तीन मायक्रॉन असतो, लाल पेशीचा सात-आठ. आता एखाद्या माणसाच्या कित्येक प्लेटलेटच लाल पेशीएवढ्या असल्या तर? मशीन त्यांना लाल पेशींत मोजून मोकळं होतं. प्लेटलेटचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. शिवाय सर्वात मोठ्या प्लेटलेट हिशेबातच न आल्याने 'सरासरी आकार' हा रकानासुद्धा खऱ्यापेक्षा लहान दिसतो. म्हणजे जी खूण डॉक्टरांना सावध करायची, तीच मशीन पुसून टाकतं.

तुमच्यासारख्या रुग्णाची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की चित्र वेगळंच दिसतं. लाल पेशींच्या मध्ये जांभळट, दाणेदार, गोल चकत्या पसरलेल्या असतात. काही लाल पेशीच्या निम्म्या, काही तिच्याएवढ्या, एखादी तर तिच्याहून मोठी. प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं त्यांना पांढऱ्या पेशींचे तुकडे समजतात. मग तेलाचा थेंब टाकून मोठ्या भिंगाखाली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी शोधायची. तिच्या फिकट गुलाबी पेशीद्रवात, केंद्रकापासून जरा बाजूला, एक निळसर डाग असतो. आकार चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. त्यात दाणे नसतात, म्हणून आजूबाजूच्या दाणेदार भागात तो मऊ निळ्या ढगासारखा उठून दिसतो. एकात दिसला की दुसऱ्यात, तिसऱ्यातही दिसतो. जंतुसंसर्गात असेच डाग तात्पुरते येतात, त्यांना डोहले बॉडी म्हणतात. तुमच्या बाबतीत ते जन्मापासून आहेत आणि ते वेगळ्या पदार्थाचे आहेत: ज्या प्रथिनात बदल झालाय त्याच प्रथिनाचे गोळे. त्यांच्यात अडकून राहिलेल्या आरएनएमुळे त्यांना निळा रंग चढतो.

तेव्हा तुमचं पहिलं काम साधं आहे. तुमची आणि मुलाची ताज्या रक्ताची काच बनवून ती अनुभवी डोळ्यांनी पाहिली जावी आणि प्लेटलेट हाताने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, मोजल्या जाव्यात. मशीनच्या आकड्यापेक्षा हा आकडा बऱ्याचदा बराच चांगला निघतो. ४८ हजारांचे ८०-९० हजार झालेले मी पाहिलेत. तुमच्यात तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण आजवर तुमच्या उपचारांचे निर्णय ज्या आकड्यावर झाले, तो आकडा मुळात कितपत खरा आहे हे कळायलाच हवं.

आता जनुकाकडे येऊ. एमवायएच९ हे जनुक २२ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. त्यातल्या माहितीवरून १९६० अमिनो आम्लांची एक लांबलचक साखळी तयार होते: नॉन-मसल मायोसिन दोन-एची जड साखळी. मायोसिन म्हटलं की आपल्याला स्नायू आठवतात, कारण स्नायू आकुंचन पावतो तो मायोसिनमुळेच. पण आकुंचन पावण्याची गरज शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला असते. पेशी सरकते तेव्हा मागचा भाग पुढे ओढावा लागतो. एका पेशीच्या दोन होताना मधोमध नाडी आवळल्यासारखी कंबर आवळावी लागते. शेजारच्या पेशीला किंवा खालच्या पृष्ठभागाला घट्ट धरून राहायचं तर आतून ताण द्यावा लागतो. स्नायूंबाहेरच्या पेशींतली ही सगळी ओढाताण हे नॉन-मसल मायोसिन करतं. उंदराच्या गर्भातून या जनुकाच्या दोन्ही प्रती काढल्या तर तो सात-आठ दिवसांपलीकडे वाढतच नाही, पेशी एकमेकींना धरून राहू शकत नाहीत. इतकं हे प्रथिन मूलभूत आहे.

त्याची रचना समजली की तुमच्या अहवालातल्या '१८४१' चा अर्थ लागतो. रेणूला एक डोकं असतं आणि एक लांब शेपूट. डोकं एटीपी हे पेशीचं इंधन जाळून ऊर्जा मिळवतं आणि अ‍ॅक्टिनच्या तंतूला (पेशीतल्या प्रथिनाच्या दोऱ्याला) धरून ओढतं. हे झालं इंजिन. दोन जड साखळ्यांच्या शेपट्या वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळल्या जातात. डोक्याखालच्या मानेशी चार छोट्या हलक्या साखळ्या बसतात. असे सुमारे तीस रेणू शेपट्यांनी जुळून एक जुडी होते, डोकी दोन्ही टोकांना बाहेर. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना माणसं असतात तशी. जुडी जुळली तरच ओढ लागते. १८४१ ही जागा शेपटीत, बरीच शेवटाकडे आहे. म्हणजे तुमचं इंजिन ठीक आहे, जुडी बांधण्यात गडबड आहे. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, लायसिनवर धन. शेपट्या एकमेकींना बऱ्याच अंशी अशा भारांच्या आधारानेच धरतात, त्यामुळे तेवढ्या जागी भार उलटा झाला की जुळणी बिघडते आणि रेणूंचे गोळे होऊ लागतात. न्यूट्रोफिलमधला निळा डाग तो हाच.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक तर चांगली आहे ना, मग ती पुरत का नाही? कारण चांगली आणि बदललेली साखळी एकाच जुडीत एकत्र येतात. दोरात अधूनमधून कच्चा पीळ आला की अख्खा दोर कच्चा होतो, तसं. म्हणूनच हा आजार आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेल्या एकाच प्रतीने होतो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. प्रथिन जर सगळ्या पेशींत आहे, तर त्रास प्लेटलेटनाच का? नॉन-मसल मायोसिनची शरीरात तीन जनुकं आहेत: एमवायएच९, एमवायएच१० आणि एमवायएच१४. बहुतेक पेशींत यांपैकी दोन किंवा तिन्ही काम करत असतात, एक अडखळलं तर दुसरं काही प्रमाणात सांभाळून घेतं. पण प्लेटलेट बनवणारी मेगाकॅरिओसाइट ही पेशी परिपक्व होताना एमवायएच१० बंद करून टाकते. मग प्लेटलेटच्या हाती राहतं ते फक्त एमवायएच९ चं मायोसिन.

मेगाकॅरिओसाइट अस्थिमज्जेतली सर्वात मोठी पेशी. ती वाढते, रक्तवाहिनीच्या भिंतीजवळ सरकते आणि भिंतीतून आत लांब धाग्यांसारखे फाटे सोडते. त्या फाट्यांची टोकं तुटून प्लेटलेट होतात. वाहिनीजवळ पोहोचेपर्यंत फाटे सोडायचे नाहीत हा लगाम मायोसिन दोन-ए धरून असतं. लगाम सैल झाला की पेशी मज्जेतच, चुकीच्या जागी, वेळेआधी फाटे सोडते. फाटे थोडे, त्यांची टोकं जाड. रक्तात पोहोचणाऱ्या प्लेटलेट संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या. तुमच्या प्लेटलेट कोणी मारत नाही, त्या बनतानाच अशा बनतात. प्लीहेचा प्रश्न इथेच सुटतो. आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून प्लेटलेटवर हल्ला करते आणि त्यांचा नाश मुख्यतः प्लीहेत होतो. तिथे स्टिरॉइड आणि प्रसंगी प्लीहा काढणं याला अर्थ आहे. तुमच्याकडे हल्लाच नाही. मग हल्ला दाबणारं औषध काय करणार? आणि प्लीहा गेल्यावर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका जन्मभर मागे लागतो तो वेगळाच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एक २८ वर्षांची मुलगी माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आली. नऊ वर्षं आयटीपी म्हणून उपचार झाले होते, प्लीहा काढून चार वर्षं झाली होती. फाइल जाडजूड होती, पण त्यात काचेबद्दल लिहिलेली एकच ओळ होती: 'प्लेटलेट कमी'. मज्जेची तपासणी दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा अहवाल 'आयटीपीशी सुसंगत' असा होता. यात त्या पॅथॉलॉजिस्टची मोठी चूक होती असंही मला वाटत नाही, कारण दोन्ही आजारांत मज्जेत मेगाकॅरिओसाइट भरपूरच दिसतात. मज्जा इथे फरक सांगत नाही. मी तिची काच पाहिली, मग तिला विचारलं, घरात कोणी लहान वयात ऐकायला कमी येणारं आहे का? ती म्हणाली, वडिलांना चाळिशीपासून यंत्र लावावं लागतं, पण ते कारखान्यात होते ना. वडिलांची काच मागवली. तेच निळे डाग, त्याच मोठ्या प्लेटलेट. त्या दिवशी ती माझ्यासमोर रडली. प्लीहेसाठी मला तिला काहीही देता येण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून आयटीपी म्हणून आलेल्या प्रत्येक नव्या रुग्णाला मी एकच गोष्ट आधी विचारते: आयुष्यात कधी तुमचा प्लेटलेट काउंट नॉर्मल आला होता का? तसा जुना कागद असेल तर जन्मजात आजाराची शक्यता जवळपास संपते. तो नसेल, तर काच पाहिल्याशिवाय आयटीपी हा शब्द लिहायचा नाही.

तुम्हीही घरातले सगळे जुने रिपोर्ट काढा. शाळेत असताना टायफॉइड झाला तेव्हाचा, कॉलेजमध्ये रक्तदान नाकारलं गेलं तेव्हाचा, काहीही. आकडा लहानपणापासून याच टप्प्यात असेल तर निदानाला आणखी आधार मिळतो.

इंटरनेटवर शोधताना तुम्हाला चार वेगवेगळी नावं दिसली आणि चार आजार आहेत असं वाटलं. गोंधळ साहजिक आहे. १९०९ मध्ये मे नावाच्या डॉक्टरांनी आणि १९४५ मध्ये हेग्लिन यांनी मोठ्या प्लेटलेट आणि निळे डाग यांची नोंद केली, म्हणून मे-हेग्लिन. पुढे बहिरेपणा आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेली कुटुंबं सापडत गेली आणि एपस्टाइन, फेक्टनर अशी नावं जमली, आणि हा त्रास नसलेल्या एका प्रकाराला सेबॅस्टियन हे नाव मिळालं. २००० साली कळलं की सगळ्यांच्या मुळाशी एमवायएच९ आहे. एकाच कुटुंबात, अगदी एकाच माणसात वयानुसार, यातलं एक चित्र दुसऱ्यात बदलतं. म्हणून आता सगळ्याला मिळून एमवायएच९-संबंधित आजार म्हणतात. तुमच्या अहवालात मे-हेग्लिन लिहिलंय आणि मुलाच्या अहवालात दुसरं काही, तर घाबरू नका, आजार एकच आहे.

आता जे सांगते ते सर्वात काळजीपूर्वक वाचा. हा आजार रक्तात सापडतो, पण आयुष्यभर लक्ष ठेवायचं ते मुख्यतः रक्ताबाहेर. कानाच्या आतल्या भागात, मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशींत आणि डोळ्याच्या भिंगातही हे मायोसिन महत्त्वाचं असतं. जन्मतः प्लेटलेट मोठ्या असतात, बाकीचं पुढे होतं किंवा होतही नाही. सगळे रुग्ण धरले तर सुमारे निम्म्या लोकांना कधी ना कधी ऐकू कमी येऊ लागतं, आधी उंच पट्टीचे आवाज. साधारण चौघांपैकी एकाला मूत्रपिंडाचा त्रास होतो. मोतीबिंदू याहून कमी जणांना. यकृताच्या तपासणीतले आकडे अनेकांत थोडे वाढलेले असतात, त्याने सहसा काही होत नाही, पण ते माहीत नसलं की उगाच यकृताच्या तपासण्यांचा फेरा सुरू होतो.

हे सगळ्यांचे मिळून आकडे झाले. तुमच्यासाठी बदल कुठल्या जागी आहे ते जास्त बोलतं. रेणूच्या डोक्यात, विशेषतः ७०२ व्या जागी बदल असेल तर प्लेटलेट फार कमी असतात आणि बहिरेपणा व मूत्रपिंडाचा आजार तरुण वयातच, बहुधा चाळिशीच्या आत गाठतो. अशा रुग्णांत निळे डागही साध्या रंगाने अनेकदा दिसत नाहीत. त्यासाठी प्रथिनावर चमकणारी प्रतिपिंडं चिकटवून पाहायची तपासणी करावी लागते. शेपटीतल्या बदलांत चित्र सौम्य असतं आणि तुमचा १८४१ चा बदल कमी धोक्याच्या गटात मोडतो. याचा अर्थ तपासण्या सोडायच्या असा नाही. धोका कमी आहे, शून्य नाही, आणि मूत्रपिंडाचं नुकसान सुरुवातीला दुखत नाही की खुपत नाही.

म्हणून वर्षातून एकदा, तुमची आणि मुलाची: लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, रक्तातलं क्रिएटिनिन, रक्तदाब. कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आता एकदा करून घ्या, तो पहिला आलेख जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक आलेखाची तुलना त्याच्याशी होईल. डोळ्यांची तपासणी ठरावीक वर्षांनी. लघवीतून प्रथिन जाताना दिसलं तर रक्तदाबाच्या औषधांतला एक गट, ज्याला एसीई इनहिबिटर किंवा एआरबी म्हणतात, लवकर सुरू केल्याने ते कमी झाल्याचे अनुभव आहेत. ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, तेव्हा पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. ऐकणं खूप खालावलं तरी वाट बंद होत नाही. या आजारात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशनने आतल्या कानात बसवायचं यंत्र, चांगलं काम करतं.

इथेच एक जुना गैरसमज दूर करते, कारण किडनी आणि एमवायएच९ असं शोधलं की तो हमखास समोर येतो. २००८ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांतल्या मूत्रपिंडविकाराशी एमवायएच९ चा संबंध जोडला गेला होता. २०१० मध्ये स्पष्ट झालं की खरा दोष शेजारच्याच एपीओएल१ या जनुकात आहे. दोन्ही जनुकं गुणसूत्रावर अगदी लागून असल्याने बोट चुकीच्या घराकडे दाखवलं गेलं. ते लेख वाचून स्वतःचा अंदाज बांधू नका.

रक्तस्रावाचं बोलू. तुमच्या प्लेटलेट मोठ्या आहेत आणि कामाला बऱ्याच चांगल्या आहेत, त्यामुळे त्याच आकड्याच्या इतर काही आजारांपेक्षा रक्तस्राव कमी असतो. पायावर निळे डाग, हिरड्यांतून थोडं रक्त, मासिक पाळीत जास्त जाणं, बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. धोका येतो तो दात काढताना, ऑपरेशनच्या वेळी आणि चुकीच्या गोळीने. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरात ठेवूच नका. त्या प्लेटलेटचं काम अडवतात, आणि शेवटच्या दोन मूत्रपिंडालाही जड जातात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी कानाला इजा करू शकणारी इंजेक्शनं पर्याय असेल तर टाळावीत, हे मुलाच्या कागदांवर ठळक लिहून ठेवा. ताप भरलेल्या मुलाला मध्यरात्री दाखल करताना ते तोंडी सांगायचं लक्षात राहत नाही. सतत मोठ्या आवाजात राहणं, कानात मोठ्याने गाणी लावणं हेही टाळायचं.

दात काढायचा असेल तर रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, गोळी किंवा गुळण्यांच्या रूपात, बरेचदा पुरतं. पाळीतही ते उपयोगी पडतं. लघवीतून रक्त जात असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, मूत्रमार्गात गुठळी अडकू शकते. मोठ्या ऑपरेशनआधी एल्ट्रोम्बोपॅग हे औषध थोडे आठवडे देऊन प्लेटलेट वाढवता येतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ५० हजारांखाली प्लेटलेट असलेल्या १२ रुग्णांना ते दिलं आणि ११ जणांना उपयोग झाला. रुग्ण थोडे, पण आजारच दुर्मीळ आहे, आणि त्यानंतरचा अनुभवही त्याच बाजूचा आहे. हे औषध रोज जन्मभर घ्यायचं नाही, तुमच्या आकड्याला त्याची गरजही दिसत नाही. बाहेरून प्लेटलेट चढवणं शक्यतो खऱ्या गरजेसाठी राखून ठेवायचं. वारंवार चढवल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि जेव्हा खरंच लागतात तेव्हा त्या टिकत नाहीत. आजवर तुम्हाला 'आकडा कमी दिसतोय' म्हणून चढवल्या असतील तर ते यापुढे थांबायला हवं.

मुलाबद्दल तुम्ही विचारलंत, त्याला खेळू द्यावं का. द्या. धावणं, पोहणं, सायकल हेल्मेट घालून, सगळं. डोक्याला मार बसण्याचे खेळ, कुस्ती, मुष्टियुद्ध टाळा. लशी सगळ्या द्यायच्या. बारीक सुई आणि नंतर काही मिनिटं दाबून धरणं एवढी काळजी पुरे. नाकातून रक्त आलं तर त्याला पुढे वाकवून बसवा, नाकपुड्या दहा मिनिटं सलग दाबा, मध्येच सोडून बघू नका. आणि शाळेत शिक्षकांना हे दाखवून ठेवा. डोक्याला जोरात लागलं, उलट्या झाल्या किंवा झोप आवरेना झाली तर थांबायचं नाही, सरळ रुग्णालयात जायचं.

कर्करोगाबद्दल सुरुवातीला ठामपणे लिहिलं त्याचं कारण असं. आनुवंशिक कमी प्लेटलेटच्या आजारांत काही जनुकं अशी आहेत की ज्यांत पुढे रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका असतो: रनएक्स१, ईटीव्ही६, एएनकेआरडी२६. एमवायएच९ त्या यादीत नाही. योग्य जनुकाचं नाव हाती असण्याचा हा मोठा फायदा. बर्नार्ड-सूलिए हाही मोठ्या प्लेटलेटचाच आजार, पण तिथे प्लेटलेटवरचा चिकटण्याचा रेणूच नसतो, रक्तस्राव बराच जास्त होतो आणि तो बहुधा आई-वडील दोघांकडून आलेल्या प्रतींमुळे होतो. 'मोठ्या प्लेटलेट' एवढ्यावरून कोणी त्या आजाराचं वर्णन तुम्हाला वाचायला दिलं असेल तर ते बाजूला ठेवा.

राहिला वारसा. तुमच्या प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. तुमच्यात तो आई-वडिलांपैकी एकाकडून आला असेल किंवा तुमच्यातच नव्याने झाला असेल. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत घरात आधी कोणालाच नसतो. ते ठरवायला लगेच महागडी तपासणी नको. आई-वडिलांची एकेक काच पुरेल.

आणि म्हणून आता बहीण. तिचे प्लेटलेट कधीच तपासले नाहीत असं तुम्ही लिहिलंय. तिला या आठवड्यात काउंट आणि काच दोन्ही करायला सांगा आणि तुमच्या अहवालाची प्रत तिच्या प्रसूतितज्ज्ञांकडे द्या. काच साफ असेल, प्लेटलेट नेहमीच्या आकाराच्या असतील तर चिंता बहुतेक मिटली. खात्रीसाठी फक्त हा एक बदल तपासून घेता येतो. तिच्यातही तो निघाला तरी बहुतेक बाळंतपणं सुखरूप होतात, पण काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. कंबरेतून भूल द्यायची की नाही ते हाताने मोजलेल्या आकड्यावर भूलतज्ज्ञ ठरवतील. बाळालाही बदल असण्याची शक्यता निम्मी असल्याने व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून ओढणं टाळायचं. बाळ जन्मल्यावर नाळेतल्या रक्ताचा काउंट करायचा आणि त्याची काच बनवायची. आणि कोणी आकडा पाहून स्टिरॉइड लिहून दिलं, तर तुमचा हा अहवाल समोर ठेवून आधी काच पाहायला सांगायचं.